रिकामा ब्रश

ब्रश हिरवा होता आणि तो या घरातला नव्हता. बेसिनवरच्या पांढऱ्या स्टँडला चार भोकं होती. पहिलं त्याचं, दुसरं बायकोचं, तिसरं गोटीचं आणि चौथं कुणाचंच नाही, कारण तीन भोकांचा स्टँड बाजारात मिळत नाही. त्याचा निळा, बायकोचा पांढरा, गोटीचा गुलाबी. ब्रश झिजत, बदलत, पण रंग बदलत नसत. दातांच्या डॉक्टरच्या घरात एवढी शिस्त असायचीच. आज सकाळी तिसऱ्या भोकात गुलाबीच्या जागी हा हिरवा उभा होता. केस चारी बाजूंना फिस्कारलेले, कडेचे चावून चपटे झालेले, मुळाशी पिवळट थर, आणि दांडीवर दातांच्या खुणा. खुणा वाचायची त्याला खोडच होती. वरचे समोरचे दोन पुढे आलेले, खालच्या रांगेत दाटी, चावण्याचा सगळा जोर डाव्या बाजूला. म्हणजे ब्रशाच्या मालकाची ओळख नावाआधी तोंडाच्या आतून झाली, आणि त्याच्या पोटातून काहीतरी उठून घशाशी येऊन थांबलं. त्याला नवल वाटलं. किळस ही त्याला न परवडणारी चैन होती. उभं आयुष्य त्यानं लोकांच्या तोंडात काढलं होतं: पू, कीट, दाढेच्या खड्ड्यात मुरलेलं परवाचं जेवण, दाराशी पोचण्याआधी पोचणारे वास. आतल्या आत तोंड फिरवायची सोय त्यानं कधी ठेवलीच नव्हती. रोग्याच्या खोकल्याचे थेंब चष्म्यावर घेऊन तो दुपारी घरी येई आणि त्याच भुकेनं जेवी. आणि आता प्लास्टिकच्या एका काडीपुढे, स्वतःच्याच न्हाणीघरात, त्याला बेसिनची कड धरावी लागली होती.

"गोटी, हा कुणाचा?"

गोटी टेबलाशी बसून दुधात पाव बुडवत होती. वय एकोणतीस. जन्मली तेव्हा गोल होती म्हणून गोटी. कागदावरचं नाव वेगळंच होतं, पण त्या नावानं हाक मारली तर ती मागे वळून बघायची, तिथे दुसरं कोण आहे ते.

"साहेबाचा."

साहेब म्हणजे कार्यशाळेतला. तिथे गोटीसारखी वीसेक मोठी मुलं बुटांची खोकी घडी घालून चिकटवत. त्यातला एकजण खिशाला चार पेनं लावून येई, आल्या आल्या घड्याळ बघे आणि "उशीर झाला" म्हणे, वेळेवर आला तरी. म्हणून साहेब. साहेब खोकी करतो, मी झाकणं करते, असं गोटी गेलं वर्षभर सांगत होती, आणि घरात ते सगळ्यांनी खोक्यांबद्दलचंच समजलं होतं.

"आणि तुझा गुलाबी?"

"साहेबाकडे."

"का?"

मंद माणसाकडे बघावं तसं तिनं त्याच्याकडे बघितलं. "आमचं झालं म्हणून."

"काय झालं?"

"झालं, बाबा. झालं म्हणजे झालं." पाव दुधात फुटला, तो तिनं बोटानं काढून खाल्ला. "ब्रश म्हणजे आपलं तोंड. कुणाला द्यायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही. मग त्यानं दिलं. मग मी दिलं."

स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्यासारखा एक आवाज आला आणि लगेच भांड्याच्या आवाजात मिसळला. ती भूगोल शिकवायची. जगात कुठे काय पिकतं ते तिला ठाऊक असे आणि घरात काय पिकतंय तेही बहुधा आधीच ठाऊक होतं.

ब्रशाचं ते वाक्य त्याचंच होतं, शब्दन् शब्द. गोटी लहान असताना जो ब्रश हाताला लागेल तो तोंडात घालायची. पाहुण्यांचे, शेजाऱ्यांचे, एकदा बूट पुसायचा. तिला उजवंडावं कळत नव्हतं, काल आणि उद्या कळत नव्हतं, पण दातांच्या डॉक्टरच्या मुलीला एवढं तरी आलंच पाहिजे, म्हणून तो रोज संध्याकाळी तिला बेसिनपुढे उभी करून म्हणून घ्यायचा. ब्रश म्हणजे आपलं तोंड. आपलं तोंड आपलं. मग गोल गोल, वरून खाली, मागच्या दाढांना विसरायचं नाही. मग "आ". मग तो बॅटरीनं आत बघायचा आणि "छान" म्हणायचा. शाळेतल्या बाईंनी हात टेकले, वाचा सुधारणाऱ्यांनी हात टेकले, हे मात्र पक्कं बसलं. इतकं, की घरी आलेल्या मावशीला तिनं एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुझं तोंड कुठे ठेवलंस?" त्याला त्या वेळी अभिमान वाटला होता. आपण शिकवलेली एकुलती एक गोष्ट असा कुणीतरी उपयोगात आणील, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

कार्यशाळेची गाडी गोटीला घेऊन गेल्यावर त्यानं स्वयंपाकघरातला चिमटा आणला, हिरवा ब्रश चिमट्यात धरला आणि कचऱ्याच्या डब्यात अंड्यांच्या टरफलांखाली, चहाच्या चोथ्यात, खोल खुपसला. मग चिमटा उकळत्या पाण्यात टाकला. बायको दाराशी उभी होती. "चिमट्यानं काय केलं होतं?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वह्यांची पिशवी घेऊन शाळेत निघून गेली. थोड्या वेळानं नगरपालिकेची गाडी डबा रिकामा करून गेली. त्यानं खिडकीतून बघितलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभा राहून बघितलं, म्हणजे खात्री असावी.

दवाखान्यात पहिल्या रोग्याच्या तोंडात आरसा घातला आणि त्याच्या लक्षात आलं की आज तोंड हे तोंड दिसत नाही. एरवी खुर्चीवर माणूस आडवा झाला की माणूस नाहीसा होई आणि उरे एक खोली, ओली, बत्तीस खुर्च्यांची, काही मोडलेल्या. आज त्या खोलीत कुणीतरी राहत होतं. खुर्चीवर शिंपी होता, पलीकडच्या गल्लीतला, आणि त्याची जीभ बाजूला सारताना मनात आलं की ही जीभ कुठे कुठे गेली असेल. पुढे एक मध्यमवयीन बाई, मग तिचा नवरा. एकाच्या हिरड्यांतला आजार दुसऱ्याच्या हिरड्यांत जसाच्या तसा. हे तो वर्षानुवर्षं बघत आला होता. याला वैद्यकात एक थंड, सभ्य शब्द आहे, आणि तो शब्द वापरला की कुणी कुणाचं चुंबन घेतलंय असं वाटत नाही. आज त्याला तो शब्द आठवेना. नवराबायको शेजारी शेजारी बसून गाल दाबून धरत होती, आणि ती दोघं त्याला एखाद्या खेकड्याच्या दोन नांग्यांसारखी दिसली. तोंड ही एका लांब नळीची नुसती एक बाजू असते, हे त्याला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. नळीला दुसरी बाजू असते. गोटीला ती असल्याचं भान त्यानं इतकी वर्षं सोयीनं बायकोकडे सोपवलं होतं. दर महिन्याला त्या चार दिवसांत तो पेपर जरा जास्त वेळ वाची. आणि आता त्या बाजूनं एक पिवळट दातांचा, चार पेनांचा, लाळ गाळणारा... तो लाळ गाळतो की नाही हे त्याला माहीत नव्हतं. पण मनानं त्याला लाळ देऊन टाकली होती, भरपूर.

गोटी वयात आली तेव्हा त्याचा एक मित्र, बायकांचा डॉक्टर, क्लबात खेळता खेळता म्हणाला होता, "पिशवी काढून टाक तिची. कटकटच नको. तसाही उपयोग काय?" पत्ते पिसत, अगदी प्रेमानं. त्याला राग आला नव्हता. त्याला फक्त तो सूर ओळखीचा वाटला होता. अक्कलदाढेबद्दल तो स्वतः रोग्यांशी त्याच सुरात बोलायचा. ठेवून तरी काय करायचीय, कधीतरी दुखेलच. घरी येऊन त्यानं ते बायकोला सांगितलं, तेव्हा ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी स्वतःची जीभ काढ." विषय तिथे मिटला. मिटला म्हणजे त्यावर वरून सिमेंट भरलं गेलं, आणि आत कीड होती तशीच राहिली.

दुपारी कार्यशाळेच्या बाईंचा फोन आला. बाई करड्या होत्या आणि चांगल्या होत्या, दोन्ही एकदम, म्हणून त्यांच्याशी बोलणं कठीण जाई.

"डॉक्टर, जरा नाजूक आहे. काल तुमची गोटी आणि साहेब मागच्या खोलीत सापडले. खोक्यांच्या थप्पीमागे."

"काय करत होते?"

"तसं नाही काही. म्हणजे..." बाईंनी घसा साफ केला. "ब्रश करत होते. एकमेकांना. ती त्याचे दात घासत होती नि तो आ करून बसला होता. मग तो तिचे. फेस सगळा अंगावर. मी इतकी वर्षं या मुलांत काढली, मारामाऱ्या बघितल्या, कपडे काढलेले बघितले, मला काही वाटत नाही हो. पण हे बघून मला मेलीला दार लोटून बाहेर यावंसं वाटलं."

"किळस आली?"

"छे. मध्येच आल्यासारखं वाटलं. पण बाकीचे पालक विचारणार. दोन्ही घरांनी बसून काय ते ठरवा. दोघांना राहू द्यायचं तर मी उभी राहते पाठीशी. नाहीतर एकाला कार्यशाळा सोडावी लागेल. अधलंमधलं मला जमणार नाही."

"ती उद्यापासून येणार नाही," तो म्हणाला. फार चटकन म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटलं, दात उपटल्यावर रोग्याला वाटतं तसं. बधिरपणा असतो तोवर ते वाटतंच.

औषधकंपन्या नमुन्याचे ब्रश देऊन जात, त्यांचा एक खण होता. त्यात हिरवा सापडला. अगदी तोच हिरवा. तो घरी नेऊन त्यानं वेष्टन काढून तिसऱ्या भोकात ठेवला. केस ताठ, एका उंचीचे, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या मुलांसारखे. आपण शहाणपणा केला असं त्याला वाटलं. तिला रंग हवा, रंग मिळाला. मध्ये जो जंतूंचा भाग होता तेवढा गेला.

संध्याकाळी गोटीनं ब्रश उचलला, अंगठ्यानं केस दाबले, नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"हा रिकामा आहे."

"रिकामा म्हणजे? हिरवाच आहे की."

"यात साहेब नाही." ती त्याच्याकडे वळली. "बाबा, तू साहेबाला कुठे टाकलंस?"

त्यानं सांगितलं की तो ब्रश घाण झाला होता. ती म्हणाली, "हो." जणू तेच तर ती सांगत होती. मग बॅटरी काढून तो सवयीनं "आ" म्हणाला, आणि गोटीनं ओठ मिटले. नुसते मिटले नाहीत, आत वळवून दातांखाली धरले. त्यानं हनुवटीला हात लावला. तिनं हात दूर केला; जोरात नाही, एखाद्या अनोळखी माणसाचा करावा तसा. आपली मुलगी आपल्याला परकं समजू शकते एवढी तिची समज आहे, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

त्यानंतरचे दिवस घरात दातदुखीसारखे गेले. कुठेही बसा, काहीही करा, ते तिथेच. गोटी कामाला जात नव्हती. ती जेवायची, आईशी बोलायची, जुन्या पेपरांची झाकणं करायची आणि त्यांचा ढीग करून ठेवायची. खोकी कुणीच करत नसल्यामुळे झाकणं कशालाच बसत नव्हती. दात ती घासत नव्हती. आईनं म्हटलं तरी नाही. तोंड माझं नाही आता, असं तिनं आईला समजावून सांगितलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती त्याच्या शेजारून गेली तेव्हा वास आला, आणि पुन्हा तेच पोटातून वर आलं. आपल्या स्वतःच्या लेकराचा. लहानपणी त्यानं तिची ओकारी ओंजळीत झेलली होती. तेव्हा ही किळस कुठे होती? तेव्हा गोटी त्याची होती, म्हणजे तिचं सगळं त्याचंच होतं, आणि स्वतःच्या घाणीची घाण वाटत नाही. म्हणजे ही जी घशाशी येऊन बसलीय ती जंतूंची नाहीच. ती एका परक्या बाईची आहे, जी त्याच्या घरात राहते आणि जिला कुणीतरी हवंय. त्याला स्वतःचीच शिसारी आली, पण ती जुन्या शिसारीच्या शेजारी जाऊन बसली. तिची जागा काही तिनं घेतली नाही.

"तुला नक्की कशाची किळस येते?" बायकोनं विचारलं. ती नकाशाच्या वह्या तपासत होती; नद्या निळ्या रंगवल्यात की नाही ते बघत होती.

"दुसऱ्याचा चावलेला ब्रश. तोंडात. तुला नाही येत?"

"लग्नानंतर आपण समुद्राकडे गेलो होतो. मी माझा ब्रश घरी विसरले होते."

"मग?"

"मग काय. परत येईपर्यंत तुझाच वापरत होते."

त्या खोलीतलं बेसिन त्याला आठवलं, तडा गेलेलं. रोज सकाळी ब्रश ओला असायचा आणि तिथली हवाच दमट आहे असं तो म्हणायचा. तीन दशकांपूर्वीची ती किळस आता येऊन पोचली होती, आणि तिच्यामागून आणखी काहीतरी आलं, ज्याला नाव द्यायला तो तयार नव्हता. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू उकळून काढलं असतंस. मला, ब्रशाला नाही." एका नदीवर तिनं लाल शाईनं काट मारली. "मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. मूल झालं तर, लोक हसले तर, तो मारकुटा निघाला तर, आपण मेलो तर. सगळ्याची वाटते. त्यावर उपाय शोधता येतात. पण ते तू बोलतच नाहीस. तू नुसता नाक धरून बसलायस."

साहेबाला त्याची आई घेऊन आली ती आगाऊ वेळ न घेता, दवाखाना बंद व्हायच्या सुमारास. बाई कपड्यांना इस्त्री करून द्यायची. हातावर जुन्या चटक्यांचे पट्टे होते. मागे साहेब, चार पेनं लावलेला. आत येताच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाला, "उशीर झाला." लाळ गाळत नव्हता. केस नीट विंचरलेले, बुटांना पॉलिश.

"तोंडातनं रक्त येतंय याच्या," आई म्हणाली. "मला माहितीय तुमचा राग असेल. पण दातांचा दुसरा डॉक्टर मी कुठे शोधू? आणि तुम्हीच त्याचे..." वाक्य तिनं सोडून दिलं.

साहेब खुर्चीवर आडवा झाला. "आ" म्हणायच्या आधीच त्यानं आ केला, आणि डॉक्टरला ब्रशाच्या दांडीवर वाचलेलं ते तोंड भेटलं: पुढे आलेले दोन, खालची दाटी, डावीकडचा जोर. फक्त दात पांढरे होते. पिवळट थर नव्हता. कुणीतरी तो मन लावून काढला होता. हिरड्या मात्र सोलवटल्या होत्या, जागोजाग लाल.

"दिवसभर घासतो हो," आई म्हणाली. "तो गुलाबी ब्रश. झोपतानाही हातात. काढून घेतला की भिंतीकडे तोंड करून रडतो. तुमची मुलगी येत नाही ना आता कामाला. मी म्हणते, ती येत नाही तर तू घासून घासून काय तिला उगवणार आहेस?"

"कसा घासतोस?" त्यानं साहेबाला विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

साहेबानं हवेत हात धरला. "गोल गोल. वरून खाली. मागच्या दाढांना विसरायचं नाही." आवाज त्याचा होता, पण हेल गोटीचा होता, आणि गोटीचा हेल डॉक्टरचा होता. "मग आ. मग ती म्हणते छान."

हातातला आरसा त्यानं ट्रेमध्ये ठेवला. खुर्चीवरचा दिवा साहेबाच्या तोंडावर पडला होता आणि ते तोंड उघडंच होतं, कुणी "छान" म्हणेल याची वाट बघत. गोटीच्या केसांची वेणी आई घाले, गालाला शेजारणी हात लावत, अंगाला तपासणारे डॉक्टर, पाठीला न्हाऊ घालणारी बाई. जो येई तो तिला हात लावून जाई, आणि तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आपल्या मालकीची म्हणून एकच गोष्ट तिला शिकवण्यात आली होती. तिनं ती देऊन टाकली होती. तिच्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतंच.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यानं बाईला विचारलं.

"मला काय वाटायचंय? मी थकले. माझ्या घरात एक खोली आहे, मी आहे तोवर दोघांना जेवायला घालीन. मला पण विचित्रच वाटतं हो. एकदा बघितलं मी दोघांना, बाकावर, तो तिचं नाक पुसत होता. माझं मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, अगं बये, तुझं नाक कुणी कधी पुसलं?" ती हसली आणि पदराऐवजी चटक्यांचे पट्टे असलेल्या हातानं तोंड झाकलं.

त्यानं हिरड्यांना औषध लावलं. मग खण उघडला आणि हिरवा ब्रश काढला, या वेळी मऊ केसांचा. वेष्टन फाडून साहेबाच्या हातात दिला. "हा घास. हळू. मग चाव."

"चावू?"

"चाव. नेहमी चावतोस तसा."

साहेबानं कामाला लागावं तसा ब्रश तोंडात घातला. बेसिनपाशी उभा राहून घासला, गोल गोल, मग डाव्या बाजूला धरून चावला, मन लावून, कपाळाला आठ्या घालून. डॉक्टर शेजारी उभा राहून बघत होता. केस फिस्कारले, कडेचे चपटे झाले, फेसात लाल रेघ आली. किळस आली. नेमकी तेवढीच, पहिल्या सकाळइतकी. तिच्यात काही घट नव्हती. आपण काहीतरी समजून चुकलोय तर ती जायला हवी होती, असं त्याला वाटलं, पण ती असल्या गोष्टींना भीक घालत नव्हती. त्यानं हात पुढे केला, हातमोजा न घालता, आणि ब्रश घेतला.

"ती उद्यापासून कामावर येईल," तो बाईला म्हणाला. "कार्यशाळेच्या बाईंना मी सांगतो. दोघांना राहू द्या म्हणून."

"आणि पुढे?"

"पुढे... आधी हिरड्या बऱ्या होऊ देत. मग तुम्ही आमच्याकडे या. बसू. बोलायला पुष्कळ आहे."

"खोकी साचलीत," साहेब म्हणाला. "झाकणं नाहीत."

ब्रश त्यानं शर्टाच्या खिशात टाकला. गुंडाळायला कागद होता, पण गुंडाळला तर वाळेल, आणि वाळला तर पुन्हा रिकामा ठरेल अशी त्याला काळजी वाटली. घरापर्यंतच्या रस्त्यावर खिसा ओला होत गेला. ओल कापडातून छातीला लागली, आधी कोमट, मग गार. ती किती पसरलीय हे त्याला न बघता कळत होतं. रस्त्यावर माणसं होती, दुकानांचे दिवे होते, आणि आपल्या छातीवर दुसऱ्याचं तोंड आहे हे कुणालाच दिसत नव्हतं. पावाच्या दुकानापाशी त्याला एकदा थांबून कोरडी उबळ गिळावी लागली. दुकानदारानं विचारलं, "डॉक्टर, बरं नाही का?" तो म्हणाला, "पित्त."

गोटी बेसिनपाशी बसली होती, स्टुलावर, झाकणं करत. त्यानं ब्रश पुढे धरला. तिनं घेतला, अंगठ्यानं केस दाबले, पाणी आलं. नाकाशी नेला. बराच वेळ. दारात बायको येऊन उभी राहिली होती.

"आहे," गोटी म्हणाली, आणि रिकामा बाजूला काढून हा तिसऱ्या भोकात ठेवला. मग तिला आठवलं. "माझा गुलाबी बघितलास?"

"नाही. पण त्याच्याकडेच आहे. त्याची आई म्हणाली."

"घाण झालाय?"

"झाला असणार."

"खूप?"

"खूप."

गोटीच्या तोंडावर समाधान पसरलं. ती उठली, हिरवा ब्रश पुन्हा काढला, त्यावर पेस्ट घेतली आणि घासायला लागली. त्याला तोंड फिरवायचं होतं. फिरवलं नाही, घशाशी आलेलं त्यानं गिळलं, ते परत आलं, परत गिळलं. तिनं चूळ भरली, ओठ हाताच्या उलट बाजूनं पुसले आणि त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"आ," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं.

त्यानं बॅटरी लावली.